मिठात हिवतापाचं औषध घातलं तर?

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं भाषण)

 

जून लागला. पहिला पाऊस पडला की धानाचे पऱ्हे टाकायची घाई, मग रोवणी. आणि त्याच दिवसांत थंडी वाजून ताप. आपल्याकडे जून हा हिवताप प्रतिरोध महिना म्हणून पाळतात, तो काही उगीच नाही. म्हणून आज हिवतापावर, म्हणजे मलेरियावर बोलू. पण नेहमीसारखं 'डबकी बुजवा, मच्छरदाणी लावा' इथून सुरुवात करणार नाही. सुरुवात मिठापासून करू.

आयोडीनच्या मिठावर आम्ही गटागटांत बोलत होतो, तेव्हा एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून आला. बाया म्हणाल्या, "मिठात आयोडीन घालून गलगंड कमी झाला ना? मग त्याच मिठात हिवतापाचं औषध घाला. जेवता जेवता औषध पोटात जाईल. गोळ्या नकोत, कडू तोंड नको, विसरायचा प्रश्न नाही." प्रश्न इतका सरळ आहे, की त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. आम्ही वाचलं, जाणत्या लोकांना विचारलं. तेव्हा कळलं, की हा विचार खुळा नाही. जगात मोठमोठ्या डॉक्टरांना तो सुचला होता. नुसता सुचला नाही, त्यांनी तो करूनही पाहिला. त्याचं काय झालं, ते आज सांगतो. त्यातून आपल्या घरातल्या गोळ्यांच्या पाकिटाबद्दल एक फार मोठी गोष्ट शिकायला मिळते.

आधी मीठच का, ते पाहू. गरीब असो की श्रीमंत, लहान पाड्यावरचा असो की शहरातला, मिठावाचून कोणाचं चालत नाही. तेल परवडलं नाही तर बिनतेलाची भाजी खाऊ, साखर नसली तर कोरा चहा घेऊ, पण अळणी जेवण घशाखाली उतरत नाही. शिवाय मीठ आपण शेतात पिकवत नाही. ते समुद्रकाठच्या मिठागरांतून आणि कारखान्यांतून येतं, आणि दुकानातून विकत घ्यावंच लागतं. म्हणजे सगळ्या लोकांपर्यंत एखादी गोष्ट पोचवायची असेल, तर मिठाइतका चांगला रस्ता दुसरा नाही.

आयोडीन याच रस्त्यानं आलं. हिमाचल प्रदेशात कांगड्याच्या खोऱ्यात घराघरांत गलगंड होता. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात तिथं काही भागात आयोडीनचं मीठ दिलं आणि काही भागात साधं मीठच ठेवलं. काही वर्षांनी पाहिलं, तर आयोडीनच्या मिठाच्या भागात गलगंड खूप कमी झालेला. १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चित्र असतं, त्यामागं ही सगळी मेहनत आहे.

आता हिवतापाकडे वळू. तो काळ १९५० च्या आसपासचा. आपला देश नुकताच स्वतंत्र झाला होता. तेव्हा भारतात दर वर्षी साधारण साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख माणसं त्यानं मरायची, असा अंदाज आहे. मग डीडीटीची फवारणी आली. घराच्या भिंतीवर औषध मारायचं. डास रक्त पिऊन जड होतो, भिंतीवर टेकतो आणि मरतो. या फवारणीनं जगभर हिवताप झपाट्यानं खाली आला. आपल्याकडे १९६५ मध्ये वर्षाला फक्त लाखभर रुग्ण उरले होते. लोकांना वाटलं, आता हा रोग संपलाच.

पण फवारणीला भिंत लागते. दक्षिण अमेरिकेत ब्राझील नावाचा मोठा देश आहे. तिथं ॲमेझॉन नदीच्या काठी अफाट जंगल आहे. त्या जंगलात लोक दूर दूर विखुरलेले, झोपडी म्हणजे चार खांब आणि वर पानांचं छप्पर. भिंतच नाही, तर फवारायचं कशावर? दवाखाना कित्येक दिवसांच्या वाटेवर, होडीनं जायचं. मारिओ पिनोट्टी नावाचे डॉक्टर ब्राझीलमध्ये मलेरियाविरोधी सरकारी कामाचे प्रमुख होते. त्यांनी आयोडीनच्या मिठावरूनच विचार केला. जिथं डॉक्टर पोचत नाही, तिथं मीठ पोचतं. मग मिठातच क्लोरोक्विन घालू. क्लोरोक्विन म्हणजे हिवतापाची जुनी कडू गोळी. तुमच्यापैकी बहुतेकींनी ती कधी ना कधी घेतली असेल.

आता बाजारहाटाचा हिशेब करतो तसा हा हिशेब करून पाहू, म्हणजे त्यांचं डोकं कसं चाललं ते कळेल. हिवताप होऊ नये म्हणून मोठ्या माणसाला तेव्हा आठवड्याला ३०० मिलिग्रॅम क्लोरोक्विन देत. माणूस दिवसाला साधारण १० ग्रॅम मीठ खातो, म्हणजे आठवड्याला ७० ग्रॅम. मग ७० ग्रॅम मिठात ३०० मिलिग्रॅम औषध मिसळलं, की काम झालं. शंभर ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमहूनही थोडं कमी. कागदावर हिशेब अगदी चोख बसतो.

हे मीठ ब्राझीलच्या जंगलात गेलं. शेजारच्या गयाना देशात १९६१ पासून काही वर्षं जंगलातल्या आदिवासी वस्त्यांना नेहमीच्या मिठाऐवजी हे मीठ पोचवलं. आशियात न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागात आणि कंबोडिया देशात असंच औषधी मीठ वापरून पाहिलं. आफ्रिकेतही प्रयोग झाले. काही ठिकाणी क्लोरोक्विन घातलं, काही ठिकाणी पायरीमेथामिन नावाचं दुसरं औषध.

तुम्ही विचाराल, उपयोग झाला का? झाला. हे आपण प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. गयानामध्ये काही भागांत हिवतापाची लागण चक्क थांबली. जिथं लोक नेमानं तेच मीठ खात होते, तिथं ताप कमी झाला. म्हणजे पिनोट्टींचा विचार चुकीच्या पायावर उभा नव्हता.

मग ते मीठ आज आपल्या दुकानात का नाही?

पहिलं कारण तुम्हाला कोणी शिकवायला नको. मीठ कसं घालतो आपण? चवीपुरतं. एखादीच्या हातचं खारट, एखादीच्या हातचं सपक. ज्याला लोणचं, पापड आवडतो तो जास्त मीठ खातो. ज्याला रक्तदाब आहे, त्याला डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात. रोवणीच्या दिवसांत घाम गाळणारी बाई आणि खाटेवर बसलेली म्हातारी सासू, दोघींचं मीठ सारखं कसं असेल? औषध मात्र मापानं घ्यावं लागतं, वजनाप्रमाणे, वयाप्रमाणे. चवीपुरतं औषध चालत नाही. हिशेब सरासरीचा होता, आणि जेवायला बसणारं एकही माणूस सरासरी नसतं.

दुसरं कारण आपल्या काळजाला लागणारं आहे. हिवताप सगळ्यात जास्त कोणाला मारतो? पाच वर्षांखालच्या लेकरांना. २०२३ मध्ये जगात हिवतापानं जवळजवळ सहा लाख माणसं मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली, आणि त्यातली बहुतेक लहान मुलं. आता सांगा, अंगावर पिणारं लेकरू मीठ किती खातं? खातच नाही. आईच्या दुधातून औषधाचा थोडा अंश जातो, पण तेवढ्यानं लेकराचं रक्षण होत नाही. वर्ष-दीड वर्षाचं मूल वरणभाताचे चार घास खातं. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात कमी औषध. आणि ताप भरलेल्या माणसाचंही तसंच. तोंडाची चव गेली की तो जेवतच नाही. ज्या दिवशी औषध पाहिजे, नेमकं त्याच दिवशी पोटात मीठ नाही.

तिसरं कारण, काही लोकांच्या अंगाला त्रास झाला. क्लोरोक्विननं काहींना खाज सुटते, उन्हात गेलं की कातडीला त्रास होतो. गोळीनं त्रास झाला तर गोळी थांबवता येते. मिठानं त्रास झाला तर काय थांबवायचं? सगळ्या घराची भाजी एकाच भांड्यात. ज्याला हे औषध चालत नाही, त्यानं जेवायचं कसं? गोळी घ्यायची की नाही, हे माणूस विचारू शकतो. मीठ घ्यायचं की नाही, हे कोण विचारतं?

आणि चौथं कारण सगळ्यात मोठं. ते नीट लक्ष देऊन ऐका.

कापसावर फवारणी करताना औषध कमी आणि पाणी जास्त झालं, तर काय होतं? नाजूक अळ्या मरतात, चिवट अळ्या जगतात. मग त्या चिवट अळ्यांचीच पिलावळ वाढते. पुढच्या खेपेला तेच औषध पुऱ्या मापानं मारलं तरी अळी मरत नाही. विदर्भातल्या कापूस लावणाऱ्या बायांना गुलाबी बोंडअळीची गोष्ट सांगायला नको. २०१७ मध्ये बीटी कापसावरही बोंडअळीनं घरं बसवली होती. बियाण्यातल्या ज्या विषानं ती मरायची, त्याला ती सरावली होती.

हिवतापाचा जंतू असाच आहे. तो आपल्या रक्तात शिरला की भराभर वाढतो. दर दोन दिवसांनी एकाचे कितीतरी होतात. रक्तात औषध पुरेसं असेल तर सगळे मरतात. पण रक्तात औषध सदा थोडंथोडंच असेल, तर कच्चे मरतात आणि पक्के उरतात. डास त्या माणसाला चावला, की तेच पक्के जंतू दुसऱ्या घरी जातात. औषधी मीठ म्हणजे सगळ्या मुलखात पातळ फवारणी केल्यासारखं झालं. जो जास्त मीठ खातो त्याच्या अंगात पुरेसं औषध, जो कमी खातो त्याच्या अंगात अर्धंमुर्धं. जंतूंना सराव करायला आयतं मैदान मिळालं.

न्यू गिनीत पायरीमेथामिनचं मीठ दिल्यावर थोड्याच काळात त्या औषधाला न जुमानणारे जंतू दिसले. गयानामध्ये जिथं मिठानं लागण थांबवली, त्याच देशात क्लोरोक्विनला न जुमानणारा जंतूही सापडला. कंबोडियात पाइलिन नावाचा भाग आहे. तिथं जमिनीतून रत्नं काढतात, म्हणून दुरून दुरून मजूर येतात आणि जातात. त्या भागात १९६० च्या सुमारास औषधी मीठ वाटलं होतं. तो भाग पुढं औषधाला न जुमानणाऱ्या हिवतापाचं माहेर म्हणून जगात ओळखला गेला.

इथं एक गोष्ट स्पष्ट करू, नाहीतर सगळा दोष मिठाच्या माथी मारल्यासारखं होईल. थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर क्लोरोक्विनला न जुमानणारा जंतू १९५० च्या दशकाच्या शेवटीच दिसला होता, म्हणजे मीठ वाटण्याच्या थोडं आधी. शिवाय त्या काळात लोक क्लोरोक्विनच्या गोळ्याही सर्रास, मनाला येईल तशा घेत होते. त्यामुळे मिठानं आग लावली की लागलेल्या आगीत तेल ओतलं, यावर जाणकारांत आजही वाद आहे. पण अर्धं औषध खूप लोकांना, खूप दिवस देणं धोक्याचं आहे, हे सगळ्यांनी मान्य केलं. औषधी मिठाचा नाद सुटला, तो यामुळेच.

ही आग पुढं कुठवर गेली, ते पाहा. आपल्या देशात १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग भागात पहिल्यांदा क्लोरोक्विनला न जुमानणारा हिवताप सापडला. १९७० च्या दशकाच्या शेवटी तो आफ्रिकेत पोचला आणि तिथं पुढची वीस वर्षं लाखो लेकरं दगावली, कारण स्वस्तातली गोळी लागूच पडेना. भारतातही डासांनी डीडीटीला आणि जंतूंनी औषधाला तोंड द्यायला सुरुवात केली. १९६५ मध्ये लाखभर उरलेले रुग्ण १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेले. त्याला फवारणीतली ढिलाई, पैशाची टंचाई अशी बाकीची कारणंही होती.

मग वाचवलं कोणी? एका बाईनं. चीनमधल्या तू योयो नावाच्या शास्त्रज्ञ. त्यांनी जुन्या चिनी वैद्यकाची पुस्तकं चाळली आणि एका दवण्यासारख्या रानटी झुडपातून हिवतापाचं नवं औषध काढलं, आर्टेमिसिनिन. १९७२ मध्ये ते रुग्णांना देण्याआधी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः घेऊन पाहिलं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आज फॅल्सिपेरम नावाचा जो धोक्याचा हिवताप आहे, त्यावर भारतभर याच औषधाची जोडगोळी देतात. एकट्या औषधाला जंतू सरावतो, म्हणून दोन औषधं एकत्र. बैलजोडीसारखं. एक थकला तर दुसरा ओढतो.

आणि आता ऐका. या नव्या औषधालाही जंतू सरावायला लागल्याची पहिली पक्की खूण २००८-०९ च्या सुमारास कुठं मिळाली? त्याच पाइलिनमध्ये. त्यानंतर आफ्रिकेत रवांडा, युगांडा या देशांतही ती दिसली. म्हणजे आपल्या हातातलं सगळ्यात चांगलं औषध जपून वापरायचं आहे. याच्यानंतर तितकंच चांगलं औषध पोत्यात भरून ठेवलेलं नाही.

आता एक जण म्हणेल, मग आयोडीनचं मीठ चालतं, ते कसं? त्याला कोणी सरावत नाही का? नाही. कारण आयोडीन कोणाला मारत नाही. ते शरीराला लागणारं पोषण आहे, लोहासारखं, जीवनसत्त्वासारखं. रोज चिमूटभरही नाही, त्याहून कितीतरी कमी लागतं. तिथं शत्रूच नाही, तर सरावणार कोण? म्हणून आयोडीनचं मीठ बिनधास्त खा, त्यात शंका धरू नका.

आणि हत्तीरोगाचं काय? आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला दर मोहिमेला ताई येतात. त्यातलं डीईसी नावाचं औषध मिठात घालून चीननं हत्तीरोग संपवला. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं चीनच्या यशावर शिक्का मारला. आपल्या देशातही लक्षद्वीप बेटांवर आणि तमिळनाडूजवळच्या कारैकालमध्ये हे मीठ वापरलं गेलं. तिथं ते का चाललं? कारण हत्तीरोगाचा किडा आपल्या अंगात वर्षानुवर्षं राहतो, पण हिवतापाच्या जंतूसारखा अंगातल्या अंगात एकाचे हजार होत नाही. थोडंथोडं औषध बराच काळ मिळालं तरी तिथं काम होतं. म्हणजे मीठ वाईट नाही. कोणत्या शत्रूवर कोणतं हत्यार, हे ओळखावं लागतं. एकाच कोयत्यानं धानही कापता येत नाही आणि साळिंदरही मारता येत नाही.

आज औषध देऊन हिवताप टाळण्याचं काम आफ्रिकेत चालतं, पण वेगळ्या रीतीनं. वाळवंटाच्या कडेच्या ज्या देशांत पावसाच्या चार महिन्यांतच हिवताप होतो, तिथं पाच वर्षांखालच्या मुलांना दर महिन्याला तीन दिवस औषध देतात. मीठ चवीपुरतं, तसं नाही. वयाप्रमाणे पुरा डोस, गावातलीच कार्यकर्ती दारात येऊन देते. जे मिठाला जमलं नाही, ते आपल्या आशाताईसारख्या बाईनं करून दाखवलं. आणि लसही आली आहे. आफ्रिकेतल्या मुलांसाठी आर-२१ नावाची जी लस २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केली, ती आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. आपल्याकडे अजून ती हिवतापासाठी सरसकट देत नाहीत. म्हणून आपली मदार चाचणीवर, गोळ्यांवर आणि मच्छरदाणीवरच आहे.

आता मुद्द्यावर या. मिठाची ही गोष्ट दूरदेशची असली, तरी औषधी मीठ आपल्या गावात रोज तयार होतं. कुठं? फडताळात, खाटेच्या उशाला, चहाच्या डब्याशेजारी. तिथं गोळ्यांचं अर्धं पाकीट ठेवलेलं असतं. पहिल्या दिवशी गोळी घेतली, ताप उतरला. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, गेली कामाला. उरलेल्या गोळ्या जपून ठेवल्या, पुढच्या खेपेला होतील म्हणून. किंवा शेजारणीच्या पोराला ताप आला, तर त्यातली एक तिला दिली. मायेनंच दिली. पण मैत्रिणींनो, अर्धी राहिलेली गोळी म्हणजे चवीपुरतं औषध. जी चूक न्यू गिनीत आणि कंबोडियात मिठानं झाली, तीच चूक अर्ध्या पाकिटानं आपल्या पाड्यावर होते. जगलेले पक्के जंतू आपल्याच अंगातून डासाच्या वाटेनं आपल्याच नातवंडाच्या अंगात जातात.

म्हणून काही गोष्टी गटात ठरवून टाका.

ताप आला की आधी रक्त तपासा, मग गोळी. आशाताईकडे किट असतं. बोटाला टोचून एक थेंब रक्त घेतलं, की पंधरा-वीस मिनिटांत कळतं. तपासणी फुकट, गोळ्याही फुकट. अंगारा लावायचा तर लावा, पण आधी रक्ताचा थेंब द्या.

फॅल्सिपेरम निघाला तर जोडगोळीचं पाकीट तीन दिवसांचं असतं. वयाप्रमाणे पाकिटांचे रंग वेगळे असतात, म्हणून एकाचं पाकीट दुसऱ्याला देऊ नका. व्हायवॅक्स निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. हो, चौदा. कारण हा जंतू यकृतात, म्हणजे काळजाजवळच्या त्या मोठ्या अवयवात लपून बसतो. तीन दिवसांत ताप जातो, जंतू जात नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा थंडी वाजते आणि आपण म्हणतो, 'पुन्हा डास चावला.' डास नव्हे, जुनाच पाहुणा उठून बसलेला असतो. दिवस मोजायला भिंतीवर कोळशानं चौदा रेघा ओढा आणि रोज एक खोडा.

प्रायमाक्विनबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गरोदर बाईला आणि तान्ह्या लेकराला ही गोळी देत नाहीत. त्यामुळे पाळी चुकली असेल तर लाजू नका, आशाताईला आधी सांगा. आणि काही जणांच्या रक्तात जन्मापासूनच असा दोष असतो, की त्यांना ही गोळी सोसत नाही. गोळी सुरू असताना लघवी गडद, काळसर-लाल झाली, डोळे पिवळे दिसले किंवा फार थकवा आला, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तापात मूल झापड येऊन पडलं, झटके आले, सारखी उलटी होऊन औषध पोटात टिकेना, तर घरी थांबू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा. मेंदूचा हिवताप सकाळची वाट पाहत नाही.

मच्छरदाणी औषधाची असते. ती सारखी सारखी धुऊ नका, धुतली तर साध्या साबणानं आणि सावलीत वाळवा. मासे धरायला किंवा कोंबड्यांवर झाकायला तिचा वापर नको. हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. म्हणून शेताची राखण करायला मचाणावर झोपणारे, तेंदूपत्त्याला रानात मुक्कामाला जाणारे, यांच्या गाठोड्यात मच्छरदाणी आधी बांधा, मग तांदूळ. घरात फवारणी झाली तर भिंत लगेच सारवू नका, औषध शेणामातीखाली गाडलं जातं. आणि एक लक्षात घ्या. माठ, टायर, टाकी रिकामी करणं डेंगूच्या डासासाठी फार चांगलं. पण हिवतापाचा डास स्वच्छ पाण्यात, संथ ओढ्यात, बोडीत, धानाच्या बांधीतही अंडी घालतो. ते पाणी आपण ओतून टाकू शकत नाही. बोडीत गप्पी मासे सोडता येतात. बाकी मच्छरदाणी आणि वेळेवर तपासणी, हीच खरी ढाल.

आता पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न आपसात बोला. आपल्या गावात मागच्या पावसाळ्यात कोणाकोणाला हिवताप झाला? त्यातल्या किती जणांनी गोळ्या पुऱ्या घेतल्या? कोणाच्या घरी उरलेल्या गोळ्या आहेत, त्या आशाताईकडे परत कोण नेऊन देईल? आणि रोवणीला, तेंदूपत्त्याला बाहेरगावी जाणाऱ्या मजुरांची तपासणी ते परत आल्यावर कोण करून घेईल? हिशेबवहीत जसं कर्ज लिहितो, तसं प्रत्येक रुग्णाचं नाव आणि गोळ्यांचे दिवस लिहा. हप्ता चुकला की आपण दारात जाऊन उभ्या राहतो ना? गोळी चुकली तरी तसंच जाऊन उभं राहायचं.

मीठ चवीपुरतं घाला, सासूबाईंना कमी, रोवणीच्या बाईला थोडं जास्त. पण गोळी पाकिटावर लिहिली आहे तितकीच, शेवटची सुद्धा.

पुढच्या आठवड्यात रोवणीच्या दिवसांत होणाऱ्या पाय-हातांच्या चिखल्यांबद्दल बोलू.